घर, गहाण आणि पत: जालन्यापासून सिबिलपर्यंत

मंडळी, या वीकांताचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण ज्यांच्या पगारातून दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जातो त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावा.

आपल्यापैकी बहुतेकांनी 'फोरक्लोजर' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो बँकेच्या फोनवर. "सर, लोन फोरक्लोज करायचंय का?" म्हणजे काय, तर बोनस आलाय, शेअर विकलेत, आता उरलेलं कर्ज एकदम फेडून मोकळं व्हायचं. आनंदाचीच गोष्ट. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग व्याजाच्या गृहकर्जावर असा दंड लावायला बँकांना मनाई केली, तेव्हापासून तर हे फुकटात होतं. पण हाच शब्द अमेरिकेत उच्चारला की लोकांच्या पोटात गोळा येतो. तिथे त्याचा अर्थ हप्ते थकले, बँकेने घर काढून घेतलं. एकच शब्द, एकीकडे घर सोडवणं आणि दुसरीकडे घर जाणं!

आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात या दुसऱ्या अर्थाचं फोरक्लोजर आहे, पण ते मोजक्या प्रकारच्या गहाणांपुरतं, मुख्यतः सशर्त विक्रीच्या गहाणासाठी. बाकी गहाणांत सावकाराला घर सरळ गिळता येत नाही, ते विकायला काढावं लागतं. म्हणून आपल्याकडचा खरा शब्द 'लिलाव'. आणि लिलावाच्या मागोमाग येणारा दुसरा शब्द 'पत'. घर तर गेलं, पण ज्याचं गेलं त्याच्या पतीचं पुढे काय होतं? (पत या शब्दाचं हे रूप नवऱ्याशी जुळतं त्याला माझा इलाज नाही.) हा प्रश्न सिबिलबरोबर जन्माला आला असं कुणाला वाटत असेल तर आज आपण दीडशे वर्षं मागे जाऊ. सुरुवात जालन्याहून करू.

जालना जिल्हा म्हणून तसा तरुण आहे. १ मे १९८१ ला तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके आणि परभणीतून परतूर घेऊन तो झाला. शहर मात्र जुनं. कुंडलिकेच्या काठचं, बाजारपेठेचं, कापसाचं, सावकारी पेढ्यांचं. 'जालना सोने का पालना' ही म्हण तिकडच्या माणसाकडून तुम्ही ऐकली असेलच. पुढे याच गावात १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू झाली आणि नंतर लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. व्यापाऱ्यांचं गाव म्हणजे उधारीचं गाव, आणि उधारीचं गाव म्हणजे पतीचं गाव.

पण या मुलखातलं पहिलं गाजलेलं गहाण कुणा शेतकऱ्याचं नव्हतं. ते खुद्द निजामाचं होतं!

गोष्ट अशी. इंग्रजांच्या 'हैदराबाद कंटिंजंट' नावाच्या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा असं ठरलेलं. औरंगाबाद, हिंगोली अशा ठिकाणी तिच्या तुकड्या असत. जालना हेही त्या काळी इंग्रजी फौजेचं मोठं ठाणं. निजामाकडून पगाराचे पैसे थकत गेले आणि शेवटी १८५३ च्या तहाने त्याने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा भाग इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यांनी वसूल गोळा करायचा, फौजेचा खर्च भागवायचा, दरवर्षी हिशोब द्यायचा आणि शिल्लक परत करायची. आपल्या भाषेत हे सरळ सरळ ताबेगहाण.

आता पुढचं बघा. १८६० साली नवा तह झाला. इंग्रजांनी सुमारे ५० लाखांचं येणं माफ केलं, रायचूर आणि धाराशिव परत दिलं. फार उदार वाटतं ना? पण त्याच तहात एक कलम आलं की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब निजामाने यापुढे मागायचा नाही. शिल्लक राहिली तर मिळेल, पण ती किती राहिली हे सांगणार इंग्रज. १८७० च्या दशकात निजामाचे दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या खर्चापुरती ठेव भरून वऱ्हाड सोडवायचा प्रस्ताव दिला. तो नाकारला गेला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. जाफराबाद आणि भोकरदनच्या लोकांना शेजारचा बुलढाणा जिल्हा हे त्या गहाणाचं रोजचं दर्शन होतं. जालन्याहून देऊळगाव राजाला निघालात की तुम्ही गहाण पडलेल्या मुलखात शिरलात.

एवढ्या मोठ्या राजाची ही गत का झाली? कर्ज होतं हे खरंच. पण खरा घात हिशोब मागायचा हक्क सोडला तिथे झाला. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण खाली प्रत्येक वळणावर तो भेटणार आहे. गहाणात दोन गोष्टी दुसऱ्याच्या हातात जातात, एक वस्तू आणि एक वही. वस्तू गेलेली दिसते. वही गेलेली दिसत नाही.

आता राजाकडून रयतेकडे येऊ आणि त्यासाठी जालन्यातून पश्चिमेला, इंग्रजी हद्दीत जाऊ. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या गावकऱ्यावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. येणं १५० रुपये. त्याने देशमुखाचं घर ताब्यात घेतलं आणि ते पाडायला सुरुवात केली. गाव खवळलं. त्यांनी मारामारी केली नाही, बहिष्कार टाकला. सावकारांच्या शेतावर काम करायचं नाही, त्यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. आजूबाजूच्या गावांत हेच लोण पसरलं.

१२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. पुणे आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत दंगे झाले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. चौकशीला नेमलेल्या कमिशनने एक गोष्ट ठळकपणे नोंदवलीय. माणसांना मारण्यापेक्षा लोकांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. सावकाराने कागद निमूट दिले तर बऱ्याच ठिकाणी प्रकरण तिथेच मिटे. आजच्या भाषेत सांगायचं तर लोक सर्व्हर रूमवर चालून गेले होते. :)

का? त्यासाठी ही पतव्यवस्था आतून कशी चालायची ते बघायला हवं.

पेशवाईतही सावकार होते आणि कर्जबाजारी शेतकरीही होते. पण सावकाराला शेतकऱ्याची जमीन काढून घेऊन विकणं सोपं नव्हतं. गाव, पाटील, वतन, मिरास असे दहा अडथळे. तगादा लावा, दारात धरणं धरून बसा, पंचांकडे जा. त्यामुळे तो कर्ज देताना हात राखून द्यायचा. पत ही माणसाची असायची, घराण्याची असायची. इंग्रजांनी रयतवारी आणली, जमीन शेतकऱ्याच्या नावावर केली, ती विकता येईल अशी केली आणि वर दिवाणी कोर्टं दिली. झालं! सावकाराला आता तारण मिळालं आणि तारण विकून पैसे वसूल करणारं यंत्र मिळालं. म्हणून कर्ज भराभर मिळू लागलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा तर सावकार मागे लागून कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळला, सारा मात्र वाढलेला. मग हुकूमनामे निघायला लागले.

इथे एक क्रूर गंमत आहे. घर किंवा जमीन काढून घेणं जितकं सोपं, तितकी पत स्वस्त आणि मुबलक. काढून घेणं अवघड केलं की पत आटते. हे सूत्र १८७५ मध्ये खरं होतं, २००८ मध्ये अमेरिकेत खरं होतं आणि आज पुण्यात वाकडच्या टू बीएचकेलाही लागू आहे.

दुसरी गोष्ट वहीची. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवलं की साध्या कर्जरोख्यावर तीनच वर्षांत दावा लावता येईल. हेतू चांगला होता, व्याजाचा डोंगर साचू नये. पण झालं काय, दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज म्हणजे नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. आम्ही कोड लिहिणारे ज्याला बग सुधारताना घुसलेला नवा बग म्हणतो, तो हा. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, म्हणजे एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं झाल्यावर दामदुपट कशाची मोजणार? आणि हे सगळं ज्या रोख्यावर लिहिलंय त्याखाली शेतकऱ्याचा अंगठा किंवा नांगराची खूण. त्याला ते वाचता येत नाही. फेडीची पावती नाही. कोर्टात मुन्सफ विचारणार, ही खूण तुझीच का? हो. मग दे पैसे. संपला खटला.

दंग्यांनंतर चार वर्षांनी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू, आणि १९०५ पासून सगळ्या मुंबई इलाख्याला. तो मुळापासून वाचला तर लक्षात येतं की अर्धा कायदा वहीबद्दलच आहे. कोर्टाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायचा. रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहायचे. सावकाराने पावती द्यायची, मागितल्यावर हिशोब द्यायचा. कर्जापायी तुरुंग बंद. आणि जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहिलेली नाही ती सहसा विकायची नाही.

फायदा झाला का? झाला. आणि सूत्राप्रमाणे तोटाही झाला. बरेच सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच मागू लागले. 'पैसे आणून दे, जमीन परत लिहून देतो' हे तोंडी. कागदावर मात्र विक्री. पुढे कायद्यात दुरुस्ती करून कोर्टाला अशा विक्रीच्या पोटातलं गहाण शोधायची मुभा द्यावी लागली.

आणि जालना? तो तर निजामाच्या राज्यात. हा कायदा तिथे लागूच नव्हता. सालारजंग यांच्या सुधारणांत मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, रयतवारी आली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे जालन्यातून धावू लागली, कापूस थेट बंदराकडे निघाला आणि जमिनीला किंमत आली. म्हणजे कर्ज फुगवणारं अर्धं यंत्र इकडेही आलं, हिशोब तपासणारं अर्धं मात्र आलं नाही. निजाम सरकारने सावकारी, कर्ज-समेट आणि शेतजमिनीच्या हस्तांतरावर कायदे केले ते पुढे मंदीच्या तडाख्यानंतर, १९३० च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे.

त्यात भाषेचा गुंता. १८८० च्या दशकात निजामाच्या दरबारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली, कोर्टं उर्दूत चालायची. सावकाराची वही मोडीत किंवा महाजनीत. शेतकरी बोलायचा मराठी आणि लिहायला त्याला कुठलीच लिपी येत नसे. म्हणजे अंबड-परतूरकडच्या एखाद्या कुणब्याची पत दोन लिप्यांत लिहिलेली होती आणि त्यातली एकही त्याची नव्हती. आकडे हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयात. रीड परमिशन नसलेली फाईल म्हणतात ती हीच.

आता मुख्य प्रश्न. जमीन किंवा घर गेल्यावर अशा माणसाची पत संपत होती का? वाटतं हो. पण बहुतेक ठिकाणी झालं वेगळंच. सावकाराला जमीन कसायची नव्हती. त्याने त्याच माणसाला त्याच जमिनीवर कूळ म्हणून ठेवलं. काल मालक, आज कूळ. बी-बियाण्याला, लग्नाला, बैलाला पैसे लागले तर तोच सावकार देई. दुसरा कुणी देत नसे, कारण या माणसाकडे आता तारण नाही हे पंचक्रोशीला ठाऊक. म्हणजे पत संपली नाही, तिचं दार एकच उरलं. पैसे कुणाकडून घ्यायचे हे निवडायची मोकळीक गेली आणि त्याबरोबर घासाघीस करायची ताकद गेली. तारण जमिनीचं होतं ते आता अंगमेहनतीचं झालं. माझ्या मते घर जाण्याचा पतीवर होणारा खरा परिणाम हाच. तेव्हाही आणि आताही.

स्वातंत्र्यानंतर चित्र लगेच बदललं असंही नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जातला सुमारे ७० टक्के वाटा सावकारांचा निघाला. सहकारी संस्था सुमारे ३ टक्के, व्यापारी बँका १ टक्क्याच्याही आत. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हैदराबाद स्टेट बँक १९४२ मध्ये सुरू झालेली, तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतलं पहिलं पासबुक या बँकेचं. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली.

१९७५ साली महाराष्ट्राने ऋणमुक्तीचा कायदा आणला. अल्पभूधारक, कारागीर, मजूर यांची सावकारी कर्जं रद्द, गहाण वस्तू परत. सावकार सुप्रीम कोर्टात गेले, १९७७ मध्ये तिथेही कायदा टिकला. मग २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा. त्यात दोन जुने ओळखीचे चेहरे दिसतात. एक दामदुपट, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दुसरा, सावकारीच्या ओघात १५ वर्षांच्या आत बळकावलेली जमीन किंवा घर, कागदावर ती विक्री दिसत असली तरी, जिल्हा निबंधक चौकशी करून परत देऊ शकतो. १८७९ च्या कायद्याचा नातूच जणू!

इथवर सावकार. आता आपण, म्हणजे बँकवाले.

२००२ पर्यंत बँकेला गहाण घर विकायचं तर दिवाणी कोर्ट किंवा ऋण वसुली न्यायाधिकरण, आणि त्यात वर्षं जायची. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता ताबा आणि लिलाव करायची मुभा दिली. क्रम असा आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए. मग ६० दिवसांची नोटीस. कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं. नंतर ताबा, तोही आधी बहुतेकदा कागदोपत्री. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्याविरुद्ध न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. मग लिलाव. शेतजमीन या कायद्यातून वगळलीय, घर नाही. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण पैसे भरून घर सोडवायचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. त्यानंतर पैसे घेऊन गेलात तर उशीर झालेला असतो. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा स्पष्ट केलं.

आणि वही? ती आता सिबिलकडे. संस्था २००० सालची, व्यक्तींच्या कर्जाच्या नोंदी देण्याचं काम २००४ पासून. त्यासाठीचा कायदा २००५ चा. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. ३०० ते ९०० मधला आकडा आपल्याला पाठ असतो, पण खरी गोष्ट त्या आकड्याखालच्या तक्त्यात असते. प्रत्येक महिन्याला एक घर, आणि त्यात त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा.

म्हणून घर लिलावात जाणं पतीच्या दृष्टीने एका दिवसात घडत नाही. ३०, ६०, ९० असं ते महिन्यामहिन्याने लिहिलं जातं. नोटीस यायच्या आधीच पत बरीचशी गेलेली असते. वर्तमानपत्रातली जाहिरात गाव वाचतं, हा तक्ता सगळा देश वाचतो. लिलावात पूर्ण येणं वसूल झालं तर खातं बंद दिसतं, पण थकलेल्या महिन्यांची नोंद राहते. वरचे पैसे आले तर ते कर्जदाराला परत मिळतात. कमी पडले तर? अमेरिकेतल्या काही राज्यांत विशिष्ट गृहकर्जांवर बँक बाकीच्या रकमेसाठी मागे लागू शकत नाही. २००८ च्या आसपास लोक सरळ किल्ली पोस्टाने पाठवून निघून गेले. आपल्याकडे तसं नाही. घर गेल्यावर उरलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते आणि बँक ती वसूल करायला न्यायाधिकरणात जाऊ शकते. रिपोर्टवर 'रिटन ऑफ' लिहून आलं म्हणजे कर्ज माफ झालं असा गैरसमज फार आहे. बँकेने आपल्या ताळेबंदातून काढलं, तुमच्या डोक्यावरून नाही.

'सेटल्ड'चंही तेच. वाटाघाटीने कमी रकमेत मिटवलं की सुटल्यासारखं वाटतं, पण पुढचा प्रत्येक बँकवाला त्या शब्दावर बोट ठेवतो. जमत असेल तर पूर्ण फेडून 'क्लोज्ड' करून घ्यावं. या नोंदी किमान सात वर्षं जपायचं बंधन कंपन्यांवर आहे. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने फोरक्लोजरची नोंद सात वर्षांनी काढायची असते, म्हणजे तिथे सात ही कमाल आणि आपल्याकडे किमान. साडेसाती आपल्याकडचीच, पण हिशोब बघा कुणाचा सौम्य आहे!

अजून एक. घराचा मालक आणि कर्जदार हे नेहमी एक नसतात. मुलाने पुण्यात धंदा काढला, वडिलांनी जालन्यातलं घर तारण दिलं आणि जामीनदार म्हणून सही केली. ही आपल्याकडची अगदी नेहमीची गोष्ट. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ता मुलाचा थकतो, घर वडिलांचं जातं आणि डाग दोघांच्या रिपोर्टवर पडतो. सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव असेल तर तिच्याही. म्हणजे एका सहीत घरातल्या सगळ्यांची पत एकत्र गहाण. जुन्या काळी पत घराण्याची असे म्हणालो ना, ती अशी मागच्या दाराने परत आलीय.

आणि आता हे गावठाणापर्यंत पोचलंय. खेड्यातल्या घराला पूर्वी धड मालकीचा कागदच नसे. ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या उताऱ्यावर बँक कर्ज द्यायला कुरकुर करायची. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलंय. पुरंदरचं सोनोरी हे राज्यातलं या प्रयोगाचं सुरुवातीचं गाव. भोकरदनच्या खेड्यातलं घरही आता तारण होऊ शकतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वरचं सूत्र आठवा. जे गहाण पडू शकतं ते लिलावातही जाऊ शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीपासून संरक्षण दिलंय, पण घर आपण होऊन गहाण लिहून दिलं तर ते कवच सहसा उपयोगी पडत नाही.

मग १८७४ पासून काही बदललं की नाही? बदललंय, आणि ते नेमकं वहीच्या बाबतीत. २०१७ पासून चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करता येते, आणि २०२४ पासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई. थकबाकीची नोंद पाठवताना बँकेने ग्राहकाला तसं कळवायचं, असाही नियम आहे. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये. हे २०२३ पासून. करड्याच्या देशमुखाला यातलं काहीही उपलब्ध नव्हतं.

आपल्याला ते आहे, पण आपण वापरतो का? इंग्रजी येतं, पासवर्ड येतो, फोन हातात आहे, तरी आपल्यापैकी किती जणांनी आपला रिपोर्ट आकड्याच्या खाली जाऊन, तक्ता बघत वाचलाय? न वाचता 'आय ॲग्री' दाबणं आणि नांगराची खूण करणं यात मला फारसा फरक दिसत नाही. उलट त्या शेतकऱ्याकडे वाचता न येण्याचं कारण तरी होतं.

तेव्हा हप्ता चुकणार असं दिसलं की ९० दिवस व्हायच्या आत बँकेत जाऊन बोला, तेव्हा मुदत वाढवून मिळायची शक्यता असते. नोटीस आलीच तर ती कपाटात ठेवू नका, लेखी उत्तर द्या. घर जाणारच असेल तर लिलावाआधी स्वतः ग्राहक शोधून, बँकेच्या संमतीने विकलेलं बहुतेक वेळा बरं पडतं, भावही चांगला येतो आणि रिपोर्टही कमी खराब होतो. आणि वडिलांची सही मागण्याआधी त्यांना मराठीत, आकडे मांडून समजावून सांगा.

निजामाने एकदा हिशोब मागायचा हक्क सोडला आणि वऱ्हाड कायमचा गेला. आपला मुलूख फार तर सातशे स्क्वेअर फुटांचा आहे, पण हिशोब मागत राहायला काय हरकत आहे?